साडेतीनचा मिस्ड कॉल

"चनबसप्पा, तुजा खण आज लई थरथरला बे," म्हणत वॉचमन खाजाभाईनं फोनच्या डब्यातल्या चौदा नंबरच्या खणातून फोन काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. "बँकवाले मागं लागलेत का काय?"

चनबसप्पा हसला. कानात अजून मागांचा खडखडाट होता, त्यामुळं खाजाभाईचं अर्धंच ऐकू आलं. संध्याकाळचे सात वाजले होते. पाळी सुटली होती आणि टॉवेलच्या कारखान्याच्या गेटपाशी फोन घ्यायला ही गर्दी उसळली होती. रोजच्या सवयीनं त्यानं अंगठ्यानं बटण दाबलं. रोज तिथं एक मिस्ड कॉल असायचा, साडेतीनचा. लेक शाळेतून घरी पोचली की एकदा रिंग द्यायची आणि ठेवून द्यायची. बोलायचं काही नसायचंच. पोचले, एवढाच त्याचा अर्थ. सातला तो एक कॉल बघितला की चनबसप्पाच्या दिवसभर ताणलेल्या पाठीला जरा बरं वाटायचं.

आज तिथं एकतीस मिस्ड कॉल होते.

तीस लेकीचे, एक कुठल्यातरी अनोळखी नंबरचा. पहिला तीन पन्नासचा, शेवटचा सहा अठ्ठावन्नचा. तो खाजाभाईकडं वळला.

"खाजाभाई, आरं मला हाक मारायची न्हाय व्हय?"

खाजाभाईचं तोंड उतरलं. "तूच सांगितलायस की बे. कुनाचा बी वाजू दे, आत यायचं न्हाय. घरी कुनी मेलं तरी पाळी सुटल्यावर सांगायचं, आसं तूच म्हनलतास. न्हाय म्हन."

न्हाय कसं म्हणणार? तो फोनचा डबा चनबसप्पानंच केलेला होता. चनबसप्पा कारखान्यातला जॉबर, म्हणजे मागांचा डॉक्टर म्हणा ना. माग अडला, धोटा उडाला, की त्यालाच हाक. दोन वर्षांपूर्वी धोंडीराम नावाचा कामगार चालत्या मागापाशी उभा राहून मोबाइलवर रील बघत होता आणि उजव्या हाताची दोन बोटं गमावून बसला. त्या दिवशी धोंडीरामचा हात फडक्यात गुंडाळून दवाखान्यात नेला तो चनबसप्पानंच. दुसऱ्या दिवशी जुन्या फळ्या जमवून त्यानं चाळीस खणांचा डबा ठोकला, झाकणाला कुलूप लावलं, किल्ली खाजाभाई वॉचमनला दिली आणि मालकाला म्हणाला, सकाळी आत जाताना फोन ह्यात, दुपारी जेवायला अर्धा तास बाहेर, मग परत ह्यात. लोकांनी शिव्या घातल्या. पण तेव्हापासून कुणाचं नखसुद्धा गेलं नव्हतं, आणि त्या डब्याचा चनबसप्पाला मनातून अभिमान होता.

त्यानं लेकीचा नंबर लावला. रिंगसुद्धा गेली नाही. बाईचा आवाज म्हणाला, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता... त्यानं कापला. परत लावला. तीच बाई. अनोळखी नंबर लावला, तो नुसता वाजत राहिला.

आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सात वाजले! सातला फोन बंद पडतो. बंद पडतो म्हणजे काय, बंद पाडणारा तोच की!

सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. त्यांच्याच गल्लीतली उत्कर्षा, दहावीतली चुणचुणीत पोरगी. कुणा हरामखोरानं तिचा चेहरा उचलून भलत्याच फोटोला चिकटवला आणि गावभर फिरवला. पोरीचा काडीचा दोष नव्हता. पण आईबापानं आठ दिवसांत तिला करमाळ्याला मामाकडं धाडलं, शाळा सुटली ती सुटलीच. ज्या दिवशी उत्कर्षा रिक्षात बसली त्या रात्री चनबसप्पाला झोप लागली नाही. त्याची सिद्धेश्वरी नववीत होती. घरात दोन फोन, एक त्याचा आणि एक बायकोचा, दाक्षायणीचा. दाक्षायणी दुपारी बाराला एका मेसमधे पोळ्या लाटायला जायची ती आठला परतायची. फोन घरीच ठेवून जायची, लेकीसाठी.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून तो बायकोचा फोन घेऊन अल्तमशच्या मोबाइल दुकानात गेला. "व्हिडिओ बंद कर, फोटो बंद कर, सगळंच बंद कर," म्हणाला. अल्तमशनं दोन्ही फोनांत कसलंसं ॲप घातलं. व्हिडिओ गेले, चॅटिंग गेलं, अभ्यासाचं तेवढं राहिलं. संध्याकाळी सातला फोन आपोआप बंद, सकाळी सहाला चालू. आणि कॉल?

"कुणाकुणाचे नंबर चालू ठेवू, चाचा?"

"माजा."

"बस? एकच?"

"बास की. बाप हाय न्हवं."

घरी आल्यावर सिद्धी फोन उलटासुलटा करून बघत राहिली होती. "अप्पा, मी काय केलं?" तिनं विचारलं होतं.

"तू काय न्हाय केलंस गं. जग करतंय."

पोरगी पुन्हा काही बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून साडेतीनचा तो मिस्ड कॉल सुरू झाला. तो तिनंच सुरू केला होता, त्यानं सांगितला नव्हता.

तर लेकीच्या फोनवरून एकच नंबर लागणार, बापाचा. आणि बापाचा फोन सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत खाजाभाईच्या डब्यात, कुलपात. चाळीस माग ज्याच्या डोक्यात चालतात त्या माणसाला ही एवढीशी गाठ सहा महिने दिसली नाही, काय म्हणायचं! आज गेटवर उभं राहून ती दिसली.

त्यानं शेजारच्या बजाबाईला फोन लावला.

"मावशी, जरा आमच्या दारात बगा की. सिद्धी हाय का?"

बजाबाई चपला ओढत गेलेली ऐकू आली. "आवं, कुलूप हाय की दाराला. मी तर दुपारधरनं कुलूपच बघायलेय."

"आतनं म्हाताऱ्याचा आवाज येतोय का?"

"झोपला आसंल म्हातारा. आवाज न्हाय."

कुलूप असणं नवीन नव्हतं. त्याचे वडील तिप्पण्णा ऐंशी ओलांडलेले. अलीकडं त्यांचं डोकं जाग्यावर नसायचं, पोराला भाऊ म्हणायचे, सुनेला आई म्हणायचे. बाहेर पडून हरवू नयेत म्हणून दाक्षायणी कामाला जाताना बाहेरून कुलूप लावायची, सिद्धी शाळेतून आली की उघडायची. म्हणजे कुलूप आहे, म्हातारा आत आहे आणि पोरगी घरी आलेलीच नाही. चनबसप्पानं असा हिशेब केला. दुसरा कुठला हिशेब त्याला सुचलाच नाही.

पण मग फोन? फोन तर घरी असतो. तो तिच्या हातात कसा?

त्यानं गाडीला किक मारली. अक्कलकोट रोडवरून गाडी कशी हाकली त्याचं त्याला माहीत. समोरून ट्रक येत होते, कुणीतरी शिवी दिली, एका ठिकाणी सिग्नल हिरवा होऊनही तो उभाच राहिला. तीन पन्नासला काय झालं असेल? कुणी अडवलं? कुणी रिक्षात कोंबलं? आणि ती सारखी एकच नंबर दाबत राहिली, तीन तास. देवा सिद्रामेश्वरा, काय वाट्टेल ते कर, माझी बोटं घे पाहिजे तर, पण पोरगी दे. असं तो मोठ्यानं बोलत होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

अल्तमशच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. चनबसप्पा त्यांना बाजूला सारून आत घुसला.

"उघड, उघड आधी! पोरीचा फोन बंद पडलाय. सातचं ते काढ."

अल्तमशनं त्याचं तोंड बघितलं आणि हातातलं काम टाकलं. फोन घेऊन ॲप उघडलं. "पासवर्ड, चाचा. चार आकडे. तुम्हीच टाकला होता."

पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. "सावकाश," अल्तमश म्हणाला, "तिसऱ्यांदा चुकला तर अर्धा तास बसावं लागंल." चनबसप्पानं डोळे मिटले. पोरीला ओळखता येऊ नये म्हणून तिची जन्मतारीख टाकली नव्हती. म्हाताऱ्याचं रिटायर व्हायचं साल टाकलं होतं. दोन, शून्य, शून्य, तीन. उघडलं.

साल आठवलं, पण म्हातारा आठवला नाही. भीतीनं माणसाचं असं होतं.

"हितं फोन कुठं आहे ते पण दिसतं," अल्तमश म्हणाला आणि बोटानं नकाशा सरकवत गेला. सोलापूर मागं पडलं. मोहोळ गेलं. माढा गेला. निळा ठिपका थांबला तिथं रेल्वेचे रूळ कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले होते. "कुर्डुवाडी. स्टेशनमधेच दिसतंय."

कुर्डुवाडी! दीड तासाच्या अंतरावर! तिथून गाड्या कुठं जात नाहीत? पुण्याला जातात, मुंबईला जातात.

आत्तापर्यंतची भीती एका जातीची होती, आता ती दुसऱ्याच जातीची झाली. पोरीला कुणी नेलं ही भीती मागं सरली, आणि पोरगी गेली ही भीती पुढं आली. नववीतली. चौदा-पंधराची. वर्गातला कोण? गल्लीतला कोण? हल्ली आरशापुढं जरा जास्तच उभी राहायची का? परवा हसत होती कशाला? आणि त्या दोन गिऱ्हाइकांपुढं, परक्या दुकानात, बापाच्या तोंडून निघून गेलं, "पळाली काय की रं."

"चाचा!" अल्तमश म्हणाला. "आधी फोन तर लावा. उघडलाय मी."

त्यानं लावला. ह्या वेळी रिंग गेली. एकाच रिंगला तिकडून उचलला.

"अप्पा?"

मागं गाड्यांची अनाउन्समेंट चालू होती. पोरीचा आवाज बसलेला होता. हा आवाज ऐकावा म्हणून अर्धा तास तो देवाला बोटं देत होता, आणि ऐकल्यावर त्याच्या तोंडातून काय निघावं?

"कुनासंगं हायस तू?"



"आज्जासंगं," सिद्धी म्हणाली.

चनबसप्पा दुकानाच्या पायरीवर बसला.

सिद्धीनं सांगितलं ते असं. शाळेतून येऊन तिनं कुलूप उघडलं, फोन हातात घेतला, तोवर आज्जा चपला घालून दाराबाहेर. 'ड्यूटीला उशीर झाला' म्हणाला. चाळीस वर्षं कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधे काम केलेला माणूस, त्याच्या डोक्यातली गाडी आज तिथं जाऊन थांबली होती. ती घाईत कुलूप अडकवून मागं पळाली, तर तो शेअर रिक्षात बसून निघाला. तिनं दुसरी रिक्षा केली. स्टेशनात गाठलं तेव्हा आज्जा पॅसेंजरच्या डब्यात खिडकीशी बसलेला. उतरायला तयार नाही. ओढायला लागली तर ओरडायला लागला, लोक तिच्याच अंगावर आले, 'म्हाताऱ्याला का ओढतीस' म्हणून. आणि गाडी सुटली.

"रस्त्यात सारखा तुमालाच लावायलालते, अप्पा. चहावाल्या दादाच्या फोनवरनंबी लावला. दुसरा नंबर पाठच न्हाय मला कुनाचा." जरा थांबून म्हणाली, "स्टेशनमास्तरांनी पाऊण तासानं येणाऱ्या गाडीत बसवतो म्हणून सांगितलंय. आज्जानं दोन वडे खाल्लेत. मी बगतेय त्यांच्याकडं. तुमी काळजी करू नका."

"मी येतो. तितंच थांब."

"गाडी चुकंल, अप्पा. स्टेशनात या सोलापूरच्या." आणि तिनं ठेवला. पोरीनं बापाला असं सांगून आपण होऊन फोन ठेवण्याची ही पहिलीच वेळ.

अल्तमश पाण्याचा ग्लास घेऊन आला. चनबसप्पानं तो घेतला नाही. "काढ," म्हणाला, "हे सगळं काढून टाक."

"सगळं नका काढू, चाचा. फालतू व्हिडिओ असू दे बंद. पण नंबर उघडे ठेवा."

"तुला काय समजतंय ते कर."

गाडीला वेळ होता. मेसवर निरोप धाडून त्यानं दाक्षायणीला बोलावलं आणि दोघं प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर बसली. दाक्षायणी सारखी पदरानं डोळे पुसत होती आणि सासऱ्यावर, रेल्वेवर, मोबाइलवर आणि नवऱ्यावर आळीपाळीनं चिडत होती. "तरी मी म्हनलं होतं, बजाबाईचा नंबर ठेवा. म्हनलं होतं का न्हाय? तुमी म्हनलाव, परक्याचा नंबर कशाला."

आपण फोनवर जे विचारलं ते त्यानं तिला सांगितलं नाही. ते त्याच्या छातीत अडकून बसलं होतं, मागात नीट न बसलेल्या पिनेसारखं.

दहाच्या सुमाराला गाडी आली. मागच्या डब्यातून आधी सिद्धी उतरली, शाळेच्या गणवेशातच. मग तिनं आज्जाला हात देऊन उतरवलं. ओढणीचं एक टोक म्हाताऱ्याच्या मनगटाला बांधलेलं होतं आणि दुसरं तिच्या. गाठ मारली होती पक्की, सुटू नये अशी. म्हातारा मजेत होता. लेकाला बघून म्हणाला, "वर्कशॉप बंद हाय रे आज. सुट्टी दिली."

दाक्षायणीनं पोरीला कवटाळलं आणि रडायला लागली. चनबसप्पा दोन पावलांवर उभा राहिला. पुढं जावं, डोक्यावर हात ठेवावा असं त्याला फार वाटलं. तेवढ्यात सिद्धीनं खिशातून फोन काढून त्याच्यापुढं धरला.

"हे बगा, अप्पा. सातला आसं आलं हितं."

अल्तमशनं लॉक काढल्यावर ते पडद्यावरून गेलं होतं, आणि त्याचा फोटो काढायची सोय कुठली! तीच सांगत होती, पाठ केलेलं म्हणावं तसं. "'आजची वेळ संपली. अधिक वेळेसाठी पालकांना विचारा.' मी इचारतच हुते की, अप्पा. तीस वेळा इचारलं."



"अप्पा, एक इचारू?" ती हळू म्हणाली, आईला ऐकू जाणार नाही असं. "तुमाला वाटलं का, मी पळून गेले म्हनून?"

खोटं बोलता आलं असतं. 'छे गं, वेडी का काय' म्हणाला असता, तर तिनं ऐकून घेतलं असतं. पण ज्या पोरीनं दीड तास परक्या स्टेशनात म्हाताऱ्याला मनगटाशी बांधून ठेवलं तिच्याशी खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं.

"वाटलं," तो म्हणाला. "चुकलं माझं, सिद्धी."

तिनं मान हलवली. रडली नाही, रागावली नाही. आपल्या मनगटाची गाठ दातानं सोडवली आणि ओढणीचं ते टोक बापाच्या हातात दिलं. "आज्जाला धरा, गर्दी हाय," म्हणाली आणि आईचा हात धरून पुढं चालू लागली. फोन तिनं आईच्या पिशवीत टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चनबसप्पानं घरात पडलेला मागांवर खुणा करायचा खडू घेतला आणि दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत नंबर लिहिले. बजाबाईचा. मेसचा. अल्तमशचा. शाळेच्या बाईंचा. कारखान्याच्या गेटवरचा, म्हणजे खाजाभाईचा. सिद्धी वेणी घालता घालता ते वाचत होती.

"आता सगळे लागतात," तो म्हणाला. "सातलाबी बंद पडत न्हाय. आनि गेटवर लावला तर खाजाभाई मला आतनं बोलावनार."

"बरं," ती म्हणाली.

दाराला त्यानं आतून हात पोचणार नाही अशी उंच कडीही बसवली, म्हाताऱ्यासाठी. सातला कारखान्याच्या गेटवर फोन चौदा नंबरच्या खणात ठेवताना खाजाभाईला म्हणाला, "चौदा नंबर दोनदा थरथरला की मला हाक मार. आनि माजाच न्हाय, कुनाच्या बी घरचा दोनदा वाजला की हाक मारायची. नियम बदलला म्हनून सांग सगळ्यांना."

"मालक?"

"मालकाला मी सांगतो."

दिवसभर तो माग सोडून दाराकडंच बघत होता. खाजाभाई एकदा पाणी प्यायला आत आला तर ह्याच्या हातातला पाना खाली पडला. तीन वाजले. सव्वातीन. साडेतीनला तो घड्याळाखाली जाऊन उभा राहिला. आत्ता पोचली असेल. आत्ता कुलूप काढलं असेल. आत्ता फोन घेतला असेल. चार वाजले तरी खाजाभाई आला नाही, तेव्हा त्याला बरं वाटावं की वाईट, हे त्याचं त्यालाच कळेना. एक रिंग दिली असेल, दोनदा वाजल्यावर हाक मारायची म्हणालो की आपणच, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि कामाला लागला.

सातला पाळी सुटली. तो सगळ्यांच्या आधी गेटवर गेला.

"आज गप व्हता बे तुजा खण," खाजाभाई खुशीत म्हणाला. "एकदा बी हालला न्हाय. लई चांगलं झालं की."

चनबसप्पानं बटण दाबलं. पडदा कोरा होता. पुन्हा दाबलं. मग नंबर लावला. चार-पाच रिंगा गेल्यावर सिद्धीनं उचलला.

"पोचलीस का गं?"

"साडेतीनलाच पोचले की, अप्पा. आज्जाला चहा दिला. आता भाकरी करायलीय."

"बरं. मिस्ड कॉल न्हाय दिलास आज?"

तिकडून परातीत पीठ थापल्याचा आवाज येत होता. आवाज थांबला.

"इसरले, अप्पा," ती म्हणाली.

सहा महिन्यांत ती एकदाही विसरली नव्हती. तापानं फणफणली होती त्या दिवशीही नाही.

"आसू दे," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला. एकेक करून लोक आपापले फोन घेऊन गेले. खाजाभाईनं चाळीसही खण बोटानं चाचपून बघितले आणि विचारलं, "आजून कुनाचा राहिलाय का रं? लावू का झाकण?"

"न्हाय कुनाचा," चनबसप्पा म्हणाला. "लाव."